ऑस्करची यादी, पसंतीक्रम आणि बाद फेऱ्या

ऑस्करची नामांकनं जाहीर झाली की माझ्या वहीत दोन याद्या तयार होतात. एक मला आवडलेल्या चित्रपटांची, दुसरी जिंकतील असं वाटणाऱ्यांची. अभिनय, छायालेखन वगैरे रकाने पटापट भरतात. पेन अडतं ते 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' या रकान्यात, आणि २००९ पासून जास्तच अडतं. यात चित्रपटांपेक्षा मतमोजणीचा हात मोठा आहे.

पदवीधर किंवा शिक्षक मतदारसंघाची मोजणी ज्यांनी रात्र जागून पाहिली आहे, त्यांना ही पद्धत नव्यानं सांगायला नको. नावांपुढे १, २, ३ असे आकडे घालायचे. पहिल्या पसंतीच्या मतांवर कोणी निम्म्याच्या पुढे गेलं नाही, तर तळाचा उमेदवार बाद आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे उरलेल्यांकडे. ऑस्करचा सर्वोच्च पुरस्कार आज असाच ठरतो. बाकीच्या विभागांत मात्र अंतिम फेरीला साधं मत असतं, ज्याला जास्त तो जिंकला. म्हणजे मतदार तेच, रात्र तीच, पण गणितं दोन.

'सर्वोत्कृष्ट' हा शब्द मुळातच गुंत्याचा. १६ मे १९२९ च्या पहिल्या सोहळ्यात सर्वोच्च पुरस्कार एक नव्हता, दोन होते. एक निर्मिती म्हणून सरस ठरलेल्या चित्रपटाला, दुसरा आगळ्या आणि कलात्मक चित्रपटाला. दुसरा पुरस्कार पुढच्याच वर्षी बंद झाला आणि नंतर मागे वळून पहिल्यालाच 'सर्वोत्कृष्ट चित्रपट' मानलं गेलं. मला हा निर्णय आजही पटत नाही. तेव्हा बुजवलेली फट २०१८ मध्ये पुन्हा उघडली. 'लोकप्रिय चित्रपटा'साठी वेगळं ऑस्कर देण्याची घोषणा ऑगस्टमध्ये झाली, चौफेर टीका झाली आणि महिन्याभरात ती गुंडाळली गेली.

मधल्या काळाचं थोडक्यात. तीसच्या दशकात नामांकनं कधी आठ, कधी दहा, कधी बारा. १९४४ पासून पाच, आणि पुढची ६५ वर्षं पाचच.

२००९ च्या सोहळ्यात एका गाजलेल्या सुपरहिरोपटाला आणि एका नितांतसुंदर अ‍ॅनिमेशनपटाला या पाचांत जागा मिळाली नाही. प्रेक्षक चिडले. त्याच वर्षी जूनमध्ये पाचाचे दहा झाले. दहा जण रिंगणात आणि साधं मतदान म्हटलं, तर जेमतेम अकरा-बारा टक्के मतांवरही कोणी जिंकू शकतो. म्हणून काही आठवड्यांनी या एका विभागापुरता पसंतीक्रम आणला. आणला म्हणण्यापेक्षा परत आणला, कारण चाळीसच्या दशकाच्या मध्यापर्यंत तो होताच. बातम्या झाल्या त्या दहाच्या आकड्याच्या. खरा बदल मोजणीत होता, त्याकडे फार थोड्यांचं लक्ष गेलं.

या मोजणीत पहिल्या क्रमांकाची भरपूर मतं मिळवणारा पण इतरांना अजिबात न रुचणारा चित्रपट अडकतो. पुष्कळांच्या यादीत दुसरा-तिसरा असणारा पुढे सरकतो. जिंकणाऱ्याला 'सर्वांत आवडता' म्हणावं की 'सर्वांत कमी नावडता', यावर आमच्या गटात दरवर्षी वाद होतो. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. २०१२ ते २०२१ या दहा वर्षांच्या चित्रपटांपैकी सहा वेळा सर्वोत्कृष्ट चित्रपट एक आणि सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान दुसऱ्याच चित्रपटाला, असं झालं. पूर्वी अशी फारकत क्वचित व्हायची. अर्थात हा पुरावा नव्हे. मतांचे आकडे कधीच जाहीर होत नाहीत, कितव्या फेरीत निकाल लागला तेही कळत नाही. शिवाय २०२० मध्ये कोरियन भाषेतल्या चित्रपटाने दोन्ही पुरस्कार नेले, आणि त्याला कोणी मिळमिळीत तडजोड म्हणणार नाही. त्या वर्षी माझ्या दोन्ही याद्यांत तोच पहिला होता. सोमवारी सकाळी ऑफिसला उशीर झाला तो वेगळाच.

नामांकनांचा आकडाही स्थिर राहिला नाही. दोन वर्षं दहा. मग पाच ते दहाच्या दरम्यान, अट अशी की पहिल्या पसंतीची किमान पाच टक्के मतं हवीत. त्या दहा वर्षांत प्रत्यक्षात दर वेळी आठ किंवा नऊच निघाले, दहा कधीच नाही. २०२१ च्या चित्रपटांपासून पुन्हा सरळ दहा.

त्यामुळे माझी दुसरी यादी करताना 'कोणावर लोक फिदा आहेत' हे मी हल्ली शेवटी बघतो. आधी बघतो कोणाचं नाव काढल्यावर कोणी तोंड वाकडं करत नाही.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी एक नियम आला. एखाद्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहिले असतील तरच त्या विभागात अंतिम मत देता येईल. इतकी वर्षं ही अट नव्हती, हेच अनेकांना तेव्हा कळलं. आमच्या गटात ती आधीपासून आहे, न पाहिलेल्याला क्रमांक नाही. पंचाईत एवढीच, की दहातले एक-दोन पुण्यात पडद्यावर येईपर्यंत सोहळा होऊन गेलेला असतो, आणि माझी पहिली यादी दरवर्षी आठ-नऊ नावांवरच थांबते.