ब्लॅक ऑक्स बँक, लँडोव्हरी

ब्लॅक ऑक्स बँक म्हणजे काळ्या बैलाची बँक. वेल्समधल्या कार्मार्थनशायर परगण्यात टोवी नदीच्या खोऱ्यात लँडोव्हरी नावाचं छोटं बाजारगाव आहे, तिथे डेव्हिड जोन्स या गुरांच्या व्यापाऱ्याने ही खासगी बँक काढली. स्थापनेचं वर्ष बहुतेक ठिकाणी १७९९ दिलेलं असतं आणि जागा गावातली किंग्ज हेड ही सराई. कागदोपत्री नाव डेव्हिड जोन्स अँड कंपनी, पण नोटांवर काळ्या बैलाचं चित्र असल्यामुळे लोकांच्या तोंडी बैलाचंच नाव बसलं. १९०९ मध्ये ती लॉइड्स बँकेत विलीन झाली.

बँक कशातून उभी राहिली हे समजायला आधी तिथला गुरांचा धंदा बघावा लागतो. वेल्सच्या डोंगराळ भागात काळी गुरं चांगली पोसली जायची, पण गिऱ्हाईक होतं इंग्लंडात, म्हणजे बार्नेटची जत्रा, लंडनचा स्मिथफील्ड बाजार असं लांब कुठेतरी. तिथपर्यंत शेकडो जनावरं पायी हाकत न्यायचं काम करणारे व्यापारी, आपल्याकडे ज्यांना हेडी म्हणायचे साधारण तसेच, लँडोव्हरीच्या आसपास भरपूर होते. वाटेवर खूर झिजू नयेत म्हणून जनावरांना पत्र्या मारायचे, खूर दुभंगलेला असल्यामुळे एका पायाला दोन, म्हणजे एका बैलामागे आठ पत्र्या. शेतकरी जनावर बहुतेक वेळा उधारीवरच द्यायचा आणि पैसे व्यापारी परत आल्यावर मिळायचे, म्हणजे सगळा व्यवहार माणसाच्या शब्दावर. जमीनदारांचा सारा आणि सरकारी कर लंडनला पोचवायचं कामही याच लोकांकडे असायचं. सोळाव्या शतकातल्या कायद्याप्रमाणे या धंद्याला परवाना लागायचा आणि तो मिळायला माणूस लग्न झालेला, घरदार असलेला आणि ३० वर्षांचा तरी असावा लागे. लँडोव्हरीचे सतराव्या शतकातले पाद्री रीस प्रिचर्ड यांनी तर व्यापाऱ्यांनी सचोटीने वागावं म्हणून पद्यातून उपदेश केलेला आहे, त्यावरून सगळेच सचोटीने वागत नसणार हे उघड आहे.

आता १७९९ हेच साल का, याचं उत्तर गावाबाहेर आहे आणि ते नीट सांगायला हवं. २२ फेब्रुवारी १७९७ ला फ्रेंच सैनिकांची एक तुकडी वेल्सच्याच किनाऱ्यावर फिशगार्डजवळ उतरली. दोन दिवसांत ती शरण आली, पण युद्धाच्या धास्तीने लोक आधीच नोटा देऊन सोनं मागायला लागले होते, त्यात ही बातमी लंडनला पोचली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी सरकारने बँक ऑफ इंग्लंडला नोटांच्या बदल्यात सोनं देणं थांबवायला सांगितलं. ही बंदी थेट १८२१ पर्यंत टिकली. नाण्यांचा तुटवडा झाला, म्हणून ५ पौंडांखालच्या नोटांवर १७७० च्या दशकात घातलेले निर्बंधही उठवले गेले. म्हणजे १ आणि २ पौंडांच्या नोटा गावातल्या बँकेलाही काढता यायला लागल्या, आणि बाजारात रोजच्या खरेदी-विक्रीला नेमक्या त्याच लागत. पुढच्या काही वर्षांत इंग्लंड-वेल्समध्ये गावोगावी अशा बँका निघाल्या, त्यातलीच ही एक.

भांडवल कुठून आलं यावर दोन मतं दिसतात. एक म्हणजे जोन्स शेतकऱ्याचा मुलगा, कोवळ्या वयात या धंद्यात शिरला, गुरांच्या व्यापारात पैसा आणि नाव दोन्ही कमावलं आणि त्यातूनच बँक आली. दुसरं म्हणजे बायकोकडून मोठी रक्कम आली, १०,००० पौंड हा आकडा नेहमी दिला जातो. ही दोन मतं एकमेकांना छेद देतात असं नाही. तरी पहिल्या मताला जास्त वजन द्यावंसं वाटतं, कारण नुसत्या रोकडीवर नोट चालत नाही, ती घेणारा लागतो, आणि जोन्सला तर ओळखणारे शेतकरी दर गावात होते. शिवाय १७०८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंड सोडून सहापेक्षा जास्त भागीदारांच्या बँकेला नोटा काढायची मनाई होती, त्यामुळे सगळ्या गावबँका दोन-चार भागीदारांच्या आणि भागीदारांवर अमर्याद जबाबदारी, म्हणजे बँक बुडाली तर मालकाचं घर, जमीन, गुरं सगळं धनकोंचं. लोक नोट घेताना हेच बघत असणार की या माणसाकडे आहे किती.

नोट दिसायची कशी? त्या काळातल्या सगळ्याच गावबँकांच्या नोटांसारखी एका बाजूला छापलेली, वर चित्र, खाली मागणी करताच धारकाला रक्कम देण्याचं वचन. क्रमांक आणि तारीख शाईने हाताने घातलेली, भागीदाराची सही हाताची, आणि सरकारी स्टँप ड्युटी भरल्याचा शिक्का. १८०८ पासून नोटा काढणाऱ्या बँकेला दर वर्षी पैसे भरून परवानाही घ्यावा लागे. पोस्टाने पैसे पाठवायचे तर लोक नोट मधोमध कापून एक अर्धा आज आणि दुसरा तो पोचल्याचं कळल्यावर पाठवायचे, त्यामुळे वाटेत चोरी झाली तरी चोराच्या हाती अर्धाच कागद. रद्द केलेल्या नोटेवरची सही कापून टाकायची पद्धत होती, म्हणून संग्रहातल्या कितीतरी जुन्या नोटांचा सहीचा कोपरा गायब असतो.

बैलाच्या चित्राबद्दल नेहमी सांगितलं जातं ते असं की लोक निरक्षर होते म्हणून चित्र टाकलं. हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं. कार्मार्थनशायरमध्येच १७३० च्या दशकात पाद्री ग्रिफिथ जोन्स यांनी फिरत्या शाळा सुरू केल्या होत्या, एका गावी तीन महिने आणि मग पुढच्या गावी, आणि त्यातून हजारो शेतकरी-मजूर बायबल वाचण्यापुरतं वाचायला शिकले, पण वेल्श भाषेत. नोट मात्र इंग्रजीत! तेव्हा अडचण अक्षरओळखीची कमी आणि भाषेची जास्त असावी, आणि काळा बैल दोन्ही भाषांत काळा बैलच राहतो. दुसरी गोष्ट, गावबँकांच्या नोटांवर जहाज, किल्ला, गव्हाची पेंढी अशी चित्रं सगळीकडेच असत, आणि जहाजाचं चित्र टाकणाऱ्याची गिऱ्हाइकं काही सगळी निरक्षर नव्हती. चित्र बँकेची ओळख सांगायचं आणि बनावट नोट काढणं थोडं अवघड करायचं.

याच संदर्भात ॲबरिस्टविथ आणि ट्रेगॅरॉनच्या काळ्या मेंढीच्या बँकेचं नाव येतं आणि दोन्हींची खूपदा गल्लत होते. ती वेगळी बँक, कार्डिगनशायरमधली आणि अल्पायुषी. तिच्या १ पौंडाच्या नोटेवर एक मेंढी, २ पौंडांवर दोन आणि १० शिलिंगवर कोकरू असं वर्णन सगळे देतात. वर्णन गोड आहे पण १० शिलिंगपाशी थांबायला हवं, कारण १७७५ च्या कायद्याने २० शिलिंगांखालच्या, म्हणजे १ पौंडाखालच्या, नोटांना बंदी होती. १७९७ नंतर ती बंदी सरसकट उठलेली नव्हती, काही काळापुरती आणि मर्यादित सूट मिळाली होती इतकंच. त्यामुळे कोकराच्या नोटेची हकिकत जरा जपूनच स्वीकारलेली बरी.

१८२५ च्या डिसेंबरात मोठी घबराट झाली, काही आठवड्यांत साठाहून जास्त बँकांनी दारं लावली. काळा बैल त्यातून टिकला, आणि त्या भागातले लोक बँक ऑफ इंग्लंडच्या नोटेपेक्षा जोन्सची नोट पसंत करायचे असं सांगतात, ते तंतोतंत खरं असो नसो, बँक टिकली हे खरं. पण सरकारने या घबराटीचं खापर छोट्या नोटांवर फोडलं आणि १८२९ पासून इंग्लंड-वेल्समध्ये ५ पौंडांखालच्या नोटा बंद केल्या. १८४४ च्या पंतप्रधान पील यांच्या कायद्याने तर नव्या कोणालाही नोटा काढता येईनात आणि जुन्यांना ठरलेल्या कमाल रकमेच्या वर जाता येईना. अशी मर्यादा घालून मिळालेल्या २०७ खासगी बँकांत लँडोव्हरीची ही बँकही होती. (याच कायद्याचं तत्त्व पुढे १८६१ च्या कागदी चलन कायद्यातून भारतात आलं आणि बँक ऑफ बॉम्बेचा स्वतःच्या नोटा काढायचा हक्क गेला.)

संस्थापक जोन्स १८३९ मध्ये वारला आणि बँक नातवंडांकडे गेली. लॅम्पीटर आणि लँडिलो इथे शाखा होत्या. नातवांपैकी डेव्हिड १८५२ ते १८६८ आणि जॉन १८६८ ते १८८० असे पाठोपाठ कार्मार्थनशायरचे खासदार होते. १८५८ मध्ये लँडोव्हरीला रेल्वे आली, गुरं गाडीने जायला लागली आणि पायी हाकायचा धंदा हळूहळू आटोपला, बँक मात्र त्यानंतरही पन्नास वर्षं चालली.

१८४४ च्या कायद्यात आणखी एक कलम होतं, नोटा काढणारी खासगी बँक सहापेक्षा जास्त भागीदारांच्या बँकेत गेली की तिचा नोटांचा हक्क संपायचा. त्यामुळे १९०९ ला लॉइड्सकडे जाताना काळ्या बैलाच्या नोटेचा हक्कही संपला. इंग्लंड-वेल्समध्ये खासगी बँकेची सर्वात शेवटची नोट सॉमरसेटमधल्या वेलिंग्टन गावच्या फॉक्स, फाउलर अँड कंपनीची मानतात, तीही १९२१ मध्ये लॉइड्समध्येच गेली.