सराईत चोर आणि हजेरीचं बुक: कोल्हापूरच्या जुन्या दप्तरांची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या सराईत चोराचं आयुष्य कोल्हापूरच्या जुन्या दप्तरांतून जुळवायला बसलं की आधी अडतं ते आडनावावर. मोडी कागदांत माणूस ‘अमुक बिन (म्हणजे मुलगा) तमुक, मौजे अमकं’ एवढाच भेटतो. बाई असेल तर ‘कोम’ लावून नवऱ्याचं नाव. एकाच गावात त्याच नावाचे दोघे निघाले की एकाची शिक्षा दुसऱ्याच्या खाती पडते. ओळख पटवायला अंगावरचा व्रण, गोंदण, उंची, एवढंच. बोटांच्या ठशांचं देशातलं पहिलं कार्यालय कलकत्त्यात निघालं ते १८९७ साली, शतक संपत आल्यावर.

हद्दींचा घोळ वेगळाच. विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिऱ्या कोल्हापूर संस्थानाच्या पोटात. भोवती सातारा, बेळगाव, रत्नागिरीचा खालसा, म्हणजे थेट इंग्रजांच्या अमलाखालचा मुलूख आणि पटवर्धनी संस्थानं. चोर शीव ओलांडून गेला की पुढचा कागद दुसऱ्याच दप्तरात. जुन्या गावरहाटीत चोराचा माग ज्या शिवारात शिरला, त्या गावाने तो आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा, नाहीतर गेलेला माल भरून द्यायचा. पाऊल आपल्या हद्दीत थांबलेलं कुठल्या गावाला परवडणार? अशा वेळी जागल्याने, म्हणजे गावच्या राखणदाराने दिलेली साक्ष वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पण सगळ्यात जास्त फसवते ती हजेरी. रामोशी, बेरड, मांग, महार या जातींतल्या माणसांनी चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवायचं. परगावी लग्न असो की मयत, विचारल्याशिवाय जायचं नाही. या बुकात नाव असायला चोरी केलेली असावी लागत नसे, जात पुरेशी होती. तरी कित्येक लेखांत हजेरीतलं नाव म्हणजे सराईत गुन्हेगार असं सरळ धरलेलं दिसतं. ते चूकच आहे. शाबीत गुन्हा फैसल्यात आणि तुरुंगाच्या नोंदीत सापडतो. हजेरीत सापडतो तो संशय.

खालसा मुलखात हाच संशय कायद्याने पक्का केला. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा सुरुवातीला उत्तरेपुरता होता. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्यात आला आणि सोलापुरात या जमातींना डांबून ठेवायची तारेच्या कुंपणातली वसाहत, सेटलमेंट, उभी राहिली. कोल्हापुरात मात्र १९१८ साली शाहू महाराजांनी हजेरी बंद केली. या निर्णयाकडे नुसती दया म्हणून पाहणं मला अपुरं वाटतं. शेजारचं सरकार फास आवळत होतं, आणि त्याच्याच देखरेखीखालचं एक संस्थान जातीवरून पहारा ठेवायला नकार देत होतं. कोल्हापूरजवळ सोनतळीला महाराजांच्या छावणीवर तर फासेपारध्यांनाच पहाऱ्यावर नेमलं. ज्यांच्यावर नजर ठेवायची, त्यांच्याच हाती राखण देणं हा कारभारी डावही होता, आणि तो धाडसाचा होता.

१९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ३१ ऑगस्ट १९५२ ला जमातींवरचा शिक्का कायद्याने पुसला, पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला. त्यात जात नाही, त्या माणसाला आधी झालेल्या शिक्षा मोजतात. एकोणिसाव्या शतकातला चोर शोधतानाही हीच कसोटी लावावी: आधी फैसले जुळवावेत, हजेरीचं बुक त्यानंतर उघडावं.