ताण पडला की रंग बदलणारा लेप

रंग दिसला की तेथे रंगद्रव्य असणारच, असे आपण गृहीत धरतो. पण मोराचे पीस खलबत्त्यात बारीक कुटले, तर हाती तपकिरी पूड येते, कारण त्याचा निळा-हिरवा रंग सूक्ष्म रचनेतून उमटलेला असतो. प्लॅस्टिकच्या फिल्मवर द्रवस्फटिकांचा, म्हणजे द्रवासारखे वाहणाऱ्या पण रेणूंची मांडणी स्फटिकासारखी ठेवणाऱ्या पदार्थांचा, लेप देऊन हीच किमया साधता येते, आणि मग फिल्म किती ताणली गेली हे तारा किंवा बॅटरी न जोडता नुसत्या डोळ्यांना कळते.

१८८८ मध्ये प्रागमधील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनित्झर यांना कोलेस्टेरॉलपासून बनवलेला एक पदार्थ दोनदा वितळताना दिसला: १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो नितळला. तो गढूळ द्रव म्हणजेच द्रवस्फटिक. या जातीच्या द्रवस्फटिकांत काडीसारखे रेणू जवळपास एका दिशेने झोपलेले असतात, मात्र जसजसे खोल जावे तसतशी ती दिशा थोडी थोडी वळत जाते, आणि एकूण रचनेला स्क्रूसारखे आटे पडतात. एका पूर्ण वळणाची उंची गुणिले अपवर्तनांक (पदार्थात प्रकाशाचा वेग किती पट कमी होतो तो आकडा), एवढी तरंगलांबी असलेला प्रकाश समोरून पाहताना परत फिरतो. उंची ४०० नॅनोमीटर आणि अपवर्तनांक १.६ असेल, तर ६४० नॅनोमीटर, म्हणजे लाल.

आता असा लेप दिलेल्या लवचीक फिल्मची पट्टी दोन चिमटींत धरून लांबीच्या दिशेने ओढा. रबरासारख्या पदार्थाचे आकारमान जवळपास कायम राहते, त्यामुळे लांबी वाढली की जाडी घटते आणि तिच्याबरोबर आटेही दाबले जातात. लांबी २० टक्क्यांनी वाढली, तर जाडी सुमारे ९ टक्क्यांनी कमी होऊन परतणारा प्रकाश ५८४ नॅनोमीटरचा, म्हणजे पिवळा होतो. ४० टक्क्यांना तो ५४१ नॅनोमीटरचा, स्पष्ट हिरवा. शाळेत जिला आपण ‘विकृती’ म्हणतो, ती (मूळ लांबीच्या तुलनेत झालेली वाढ) येथे रंगावरून वाचता येते! आट्यांच्या फिरकीशी जुळणारा वर्तुळध्रुवित प्रकाशच (ज्याची कंपनदिशा पुढे जाताना स्क्रूसारखी फिरते असा) परततो, म्हणजे साध्या उजेडातला जास्तीत जास्त निम्मा. उरलेला आरपार जातो, म्हणून पट्टीखाली काळा थर दिला तर रंग खुलतो.

असेच द्रवस्फटिक घातलेली अंगठी मनाची अवस्था सांगते, असा प्रचार होतो. तो खोटा आहे, तिला कळते ते फक्त बोटाचे तापमान. ताण मोजणाऱ्या लेपात तापमानाची ही लुडबुड नको असते, म्हणून रेणू रासायनिक बंधांनी एकमेकांना जखडून टाकतात. तिरके पाहिले तर रंग निळ्याकडे सरकतो, त्यामुळे वाचन नेहमी एकाच कोनातून घ्यावे लागते. लवचीक फिल्म सोडल्यावर मूळ रंगावर येते. मर्यादेपलीकडे ताणून कायमची लांबलेली फिल्म मात्र बदललेलाच रंग दाखवत राहते.