सानेयेव, व्हिक्टर
(३ ऑक्टोबर १९४५ – ३ जानेवारी २०२२). तिहेरी उडीत लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारे सोव्हिएत क्रीडापटू. त्यांच्यानंतर हा पराक्रम या प्रकारात कोणालाही साधलेला नाही. जन्म काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी येथे, तेव्हाच्या सोव्हिएत जॉर्जियात. सुरुवात उंच उडीने झाली. तिहेरी उडीत ते घडले प्रशिक्षक आकोप केर्सेल्यान यांच्या हाताखाली.

या उडीची पहिली पायरी म्हणजे आपली लंगडीच : ज्या पायाने फळीवरून उसळायचे, त्याच पायावर उतरायचे. फक्त ती भरधाव वेगात आणि सुमारे सहा मीटरची. दुसरी ढांग विरुद्ध पायावर पडते आणि तिसरी झेप वाळूत. लंगडीत वेग सांडला, तर पुढे तो भरून काढता येत नाही.

मेक्सिको सिटीतली १९६८ची स्पर्धा केवळ अद्भुत होती. आठ वर्षे टिकलेला पोलंडच्या श्मिट यांचा १७.०३ मीटरचा विश्वविक्रम इटलीच्या जेंतीले यांनी पात्रता फेरीतच १७.१० मीटर उडी मारून मोडला. दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, अंतिम फेरीत त्यांनीच १७.२२ मीटर गाठले. सानेयेव यांनी १७.२३ केले, तर पाचव्या प्रयत्नात ब्राझीलचे प्रुदेन्सियो १७.२७वर गेले. सानेयेव यांच्या हाती एकच उडी उरली होती. तिची नोंद झाली १७.३९ मीटर. दोन दिवसांत पाच विश्वविक्रम!

क्यूबाच्या पेरेझ यांनी १९७१ मध्ये १७.४० मीटर उडी मारून विक्रम हिरावला, म्यूनिकचे सुवर्ण (१७.३५) जिंकल्यावर सानेयेव यांनी तो १७ ऑक्टोबर १९७२ रोजी आपल्याच सुखुमीत १७.४४ मीटर उडी मारून परत मिळवला. माँट्रिऑलला १९७६ मध्ये १७.२९ मीटरवर तिसरे सुवर्ण आले.

मॉस्कोत १९८० मध्ये उद्घाटनाच्या दिवशी ऑलिंपिक ज्योत घेऊन मैदानात धावत येण्याचा मान त्यांना मिळाला. वय ३४. चौथे सुवर्ण अकरा सेंटिमीटरनी हुकले : एस्टोनियाचे याक उद्मेए १७.३५, सानेयेव १७.२४. हे रौप्यही शेवटच्याच प्रयत्नातले, आणि या गृहस्थांची खरी ओळख मला त्यातच दिसते.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर ते कुटुंबासह ऑस्ट्रेलियात गेले. तिथे चरितार्थासाठी पिझ्झा घरपोच देण्याचे कामही त्यांनी केले. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये ते उड्यांचे प्रशिक्षक झाले. निधन सिडनी येथे.