अंडाशय काढले म्हणजे नेमके काय काढले?

मागच्या पावसाळ्यात माझ्या वहिनीचे डावे अंडाशय काढावे लागले, तेव्हा गोव्यातल्या फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर बातमी पसरली ती 'पिशवी काढली' अशी. पिशवी म्हणजे गर्भाशय, आणि ते तर जागच्या जागी होते. केस आणि चरबीने भरलेल्या गाठीमुळे, जिला डर्मॉइड म्हणतात, डाव्या अंडाशयाला पीळ पडून त्याचा रक्तपुरवठा तुटला होता, म्हणून दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून गाठीसह तेवढेच काढले. शब्दांची ही गल्लत मला क्षुल्लक वाटत नाही, कारण पुढचे सगळे आयुष्य एक अंडाशय गेले, दोन्ही गेली की गर्भाशय गेले, यावर अवलंबून असते.

शेजारच्या आजींनी सांगितले, "आता पाळी एका महिन्याआड येणार." हा समज फार जुना आहे आणि ऐकायला तर्कशुद्धही वाटतो, पण तो चुकीचा आहे. दोन्ही अंडाशये पाळीपाळीने काम करतात असा काही पक्का नियम शरीरात नसतो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी संप्रेरकांद्वारे अंडाशयाला बीज पिकवण्याचा संदेश देते. एकच अंडाशय उरले की दरमहा तेच त्या संदेशाला प्रतिसाद देऊ लागते. वहिनीला पुढची पाळी आली तेव्हा ती घरात सर्वांना सांगत सुटली, इतकी भीती तिच्या मनात बसली होती.

बीजांचा साठा निम्मा झाला, मग पाळी जाण्याचे वयही खूप अलीकडे येईल, ही शंकाही रास्त आहे. प्रत्यक्षात रजोनिवृत्ती सरासरीने सुमारे एक वर्षच आधी येते. वयात येताना मुलीच्या दोन्ही अंडाशयांत मिळून तीन ते चार लाख बीजे असतात आणि आयुष्यभरात त्यांतली जेमतेम चारपाचशे बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. साठा घटला की विरण्याचा वेगही मंदावत असावा, असे अभ्यासक मानतात. उरलेले अंडाशय निरोगी असेल तर दिवसही राहू शकतात, आणि कधी कधी एका बाजूचे बीज दुसऱ्या बाजूची नलिका टिपून घेते.

दोन्ही अंडाशये काढल्यावर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी होते. नैसर्गिक रजोनिवृत्ती काही वर्षांत हळूहळू येते, तर इथे अंडाशयात तयार होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक काही दिवसांत खाली कोसळते. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने जाग येणे, योनीमार्ग कोरडा पडणे ही लक्षणे लगेच जाणवतात. हाडे ठिसूळ होणे आणि हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम मुकाट्याने येतात. म्हणून तरुण वयात दोन्ही काढावी लागली, तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या सरासरी वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असे डॉक्टर सहसा सुचवतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ती बहुधा टाळतात. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरकही लागते, कारण एकटे इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करत जाते आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. काय काढले आणि काय ठेवले हे स्त्रीला स्वतःला माहीत असावे, असे मी आग्रहाने म्हणतो ते यासाठीच.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वहिनीचे पोट नव्हे, तर उजवा खांदा दुखत होता. आम्ही घाबरलो. दुर्बिणीने आतले नीट दिसावे म्हणून पोट फुगवण्यासाठी वापरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, चाळवते आणि त्याचा मज्जातंतू मानेतून जिथून निघतो, तिथूनच खांद्याचेही तंतू येतात. म्हणून मेंदूला दुखणे खांद्यात असल्याचा भास होतो. वायू शोषला गेला की ते थांबते, आणि तिचे दोनतीन दिवसांत थांबले.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेक स्त्रिया दोनतीन आठवड्यांत नेहमीच्या कामाला लागतात. पोट उघडून केली असेल तर सुमारे सहा आठवडे धरावेत. वरची कातडी आठवड्याभरात सांधलेली दिसते, पण आतल्या थराला पूर्वीचे बळ यायला कित्येक महिने लागतात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली होती आणि माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर फळाफुलांनी सजवतात त्या मांडवीचे नारळ, सुपाऱ्यांचे घोस उचलायला वहिनी निघाली, तेव्हा आईने तिला खुर्चीवर बसवून फक्त सुतळ्या कापायला दिल्या. चालणे मात्र पहिल्याच दिवसापासून हवे, कारण पडून राहिल्याने पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. एका पायाची पोटरी सुजली, दम लागला, ताप चढला, जखमेतून पू आला किंवा दुखणे कमी होण्याऐवजी वाढत गेले, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

अंडाशयाची शस्त्रक्रिया तशी जुनीच. 1809 साली अमेरिकेतील केंटकी राज्यात एफ्रेम मॅकडॉवेल या डॉक्टरांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या पोटातून अंडाशयाची सुमारे दहा किलोंची गाठ काढली, तीही भूल देण्याची सोय नसताना. पाचव्या दिवशी ती स्वतःचे अंथरूण आवरत होती आणि त्यानंतर ती बत्तीस वर्षे जगली.

काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होते आणि तिचा अहवाल बहुधा घरी गेल्यानंतर येतो. टाके भरले की तो आणायला जायचे अनेकांकडून राहून जाते, आणि गाठ साधी होती की कर्करोगाची, हे तर त्याच कागदावर लिहिलेले असते. वहिनीचा अहवाल दादाने बांबोळीच्या इस्पितळातून आणला. गाठ साधी निघाली. तो आणि 'डावे अंडाशय काढले, उजवे व गर्भाशय शाबूत' असे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घेतलेला कागद, दोन्ही आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहेत.