चिलीत ७८ टक्के 'हो' म्हणाले, मग ६२ टक्के 'नाही' कुठून आले?

ऑक्टोबर २०१९ मध्ये राजधानी सांतियागोच्या मेट्रोचं तिकीट ३० पेसोंनी वाढलं आणि शाळा-कॉलेजची पोरं गेटवरून उड्या मारून फुकट जायला लागली, तिथून आंदोलन पेटलं ते थेट लष्करी हुकूमशहा पिनोशेच्या राजवटीतली १९८० ची राज्यघटनाच बदला इथपर्यंत गेलं. वर्षभराने मतदान घेतलं, नवीन घटना हवी का? ७८ टक्के म्हणाले हवी. मग लोकांनी निवडून दिलेले १५५ जण बसले, वर्षभर खपून ३८८ कलमांचा मसुदा केला, आणि ४ सप्टेंबर २०२२ ला ६२ टक्के लोकांनी तो नाकारला.

लोक पलटले असं सगळे म्हणतात. काही पलटलेच, पण जरा आकडे बघा. २०२० ला मतदान ऐच्छिक होतं, साधारण ७५ लाख लोक आले. २०२२ ला सक्तीचं केलं तर १ कोटी ३० लाख! 'हो'वाले ५९ लाखांवरून ४९ लाखांवर आले, पण 'नाही'वाले १६ वरून थेट ७९ लाखांवर. सोसायटीच्या मीटिंगला नेहमीचे दहा जण येऊन लिफ्ट बदलायची ठरवतात ना, तसंच झालं हे, बाकीच्यांचं मत कोणी मोजलंच नव्हतं. सर्व्हेवालेही इथेच फसले, 'नाही' पुढे आहे हे त्यांना दिसत होतं, पण एवढं पुढे असेल असं वाटलं नव्हतं.

शिवाय प्रश्नही तोच नव्हता. 'नवीन घर हवं का' आणि 'हेच घर घेणार का' यात फरक आहेच की.

आणि ३८८ कलमं बसून वाचणार कोण? मग लोक मसुद्याऐवजी तो लिहिणाऱ्यांकडे बघतात. कॅन्सर पेशंट म्हणून आंदोलनात फेमस झालेला एक सदस्य निवडून आला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्याने कबूल केलं की कॅन्सर नाहीये, तिथे विश्वासाला मोठा तडा गेला. त्यात सरकार तुमचं घर काढून घेणार वगैरे अफवा. मूळनिवासी समाजांना मान्यता देणाऱ्या 'बहुराष्ट्रीय राज्य' (एकाच देशात अनेक राष्ट्रं) या शब्दानेही बरेच जण बिचकले, माझ्या मते त्याचा अर्थ समजावण्यात हे १५५ जणच कमी पडले.

पुढे उजव्यांचं बहुमत असलेल्या, घटना लिहिणाऱ्या दुसऱ्या मंडळाने नवा मसुदा आणला, डिसेंबर २०२३ मध्ये तोही साधारण ५६ टक्के लोकांनी नाकारला. म्हणजे चार वर्षांचा खटाटोप करून राहिली ती १९८० चीच घटना, अधूनमधून दुरुस्त्या झालेली.