पार्श्वभूमी: सोलरची वीज तपनीची की उजेडाची?

एप्रिल संपत आला की आमच्याकडे पानठेल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "एवढी तपन पडून राहिली, आता सोलरवाल्यांची मजा आहे." ज्याच्या स्लॅबवर पॅनल आहेत तो मात्र मोबाईलमधला आकडा बघून गप्प बसलेला असतो. आमच्याच घरचा 3 किलोवॅटचा सेट फेब्रुवारीच्या शेवटी भर दुपारी 2500 वॅटच्या वर जातो आणि मे महिन्यात पारा 45 ला टेकला की 2200 च्या आसपास रेंगाळतो. पहिल्या वर्षी बसवणाऱ्याला फोन केला तर तो म्हणे धूळ असेल, धुऊन घ्या. धुतलं. थोडा हलला आकडा, पण ते काही धुळीचं काम नव्हतं.

मुळात घोळ शब्दापासून सुरू होतो. उन्हात दोन गोष्टी सोबत येतात, उजेड आणि ताप. 'ऊन' म्हटलं की दोन्ही आले, आणि आपल्या विदर्भात तर सरळ 'तपन' म्हणतात, त्यात उजेडाला जागाच नाही. "तपनीत जाऊ नको" म्हणणारी आजी उजेडाबद्दल बोलत नसते. त्यात भर म्हणजे आपल्याकडे सोलर नावाने आधी जे आलं ते खरंच तपनीवर चालणारं होतं, आतून काळी रंगवलेली सोलर कुकरची पेटी, ज्यात डाळ-भात शिजायचा, आणि नंतर नागपूर-अमरावतीच्या कॉलन्यांमधल्या गच्च्यांवरचे पाणी गरम करायचे सोलर. त्यांना जितकी तपन तितकं चांगलं. मग गच्चीवर तिसरी निळी-काळी वस्तू आली, तिलाही लोकांनी सोलरच म्हटलं आणि तोच हिशोब लावला. पण हे यंत्र वेगळ्या जातीचं आहे.

हा घोळ फक्त आपलाच नाही. 1839 साली एका 19 वर्षांच्या फ्रेंच पोराने द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर उजेड पाडला तर थोडा करंट निघाला, पण तो काहून निघतो हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. त्या काळात उन्हापासून काम करून घ्यायचं म्हणजे पाणी उकळवायचं असाच विचार होता. आपल्या मुंबईत कुलाब्याला 1870 च्या दशकात एका इंग्रज कोर्ट अधिकाऱ्याने आरसे लावून उन्हावर वाफ केली आणि इंजिन चालवून दाखवलं होतं. 1876 मध्ये लंडनला दोघांनी सेलेनियम नावाच्या मूलद्रव्याच्या कांडीजवळ मेणबत्ती पेटवली, करंट मोजायच्या यंत्राचा काटा लगेच हलला, मधे आड धरलं तर लगेच शून्यावर आला. तापाने होत असतं तर कांडी तापायला वेळ लागला असता, थंड व्हायलाही लागला असता. म्हणजे करंट उजेडाचा, हे तेव्हाच कळलं होतं, दीडशे वर्षं होत आली. पुढे 1883 साली अमेरिकेत सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर देऊन सेल बनला, पण पडलेल्या उजेडातला जेमतेम 1 टक्का विजेत बदलायचा. उजेड पुड्या-पुड्यांनी येतो आणि एकेक पुडी एकेक इलेक्ट्रॉन सोडवते हा खुलासा 1905 चा, त्यावर पुढे नोबेलही मिळालं.

घरावरच्या पॅनलचा खरा बाप मात्र 1954 चा. अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेला दमट-गरम मुलुखातल्या दूरच्या फोन लाईनसाठी वीज पाहिजे होती, कारण तिथे साध्या कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब व्हायच्या. सेलेनियममधून पुरेशी वीज निघेना म्हणून सिलिकॉन घेतलं आणि 6 टक्क्यांपर्यंत पोचले. 1958 मध्ये उपग्रहावर बसलं, आपल्या देशात पहिला सेल 1977 ला बनला. तेव्हा किंमत एवढी होती की घरावर लावायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

आतमध्ये होतं काय, तर सिलिकॉनची पातळ चकती असते, तिच्या एका बाजूला फॉस्फरसचा अंश, दुसऱ्या बाजूला बोरॉनचा. दोन्ही जिथे भिडतात तिथे एक कायमचा उतार तयार होतो, आपल्या वावरात पाणी एकाच धुऱ्याकडे वाहावं म्हणून उतार काढतो तसा. उजेडाची पुडी आत शिरून इलेक्ट्रॉन मोकळा करते आणि उतार त्याला एका बाजूला लोटतो, वरच्या चांदीच्या बारीक रेषा त्याला गोळा करतात. काही हलत नाही, काही जळत नाही. एका सेलचा दाब अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर, म्हणून पुष्कळ सेल एकामागे एक जोडून पॅनल बनतो आणि मग इन्व्हर्टर पॅनलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटची, म्हणजे डीसीची, घरात चालते तशी 230 व्होल्टची एसी करतो.

आता तपन काय करते ते बघा. सेल तापला की तो उतारच सपाट होत जातो. दर डिग्रीला एका सेलचा दाब साधारण 2 मिलिव्होल्टने उतरतो, ऐकायला काहीच नाही, पण मे च्या दुपारी हवा 45 ला असताना काळ्या काचेखालचा सेल 70 ला सहज जातो. पॅनलवर जो वॅटचा आकडा छापलेला असतो तो सेल 25 डिग्रीला असतानाचा. म्हणजे 45 डिग्रीचा फरक, दर डिग्रीला 0.35 ते 0.4 टक्के धरा, 16 ते 18 टक्के वीज तिथेच गेली. उजेड पूर्ण असून गेली.

हे 25 कुठून आलं यावर माझा जरा रागच आहे. 1973 नंतर तेल महागलं तेव्हा जमिनीवर वापरायच्या पॅनलकडे लक्ष गेलं, वेगवेगळ्या कंपन्यांचा माल तोलायला एकच काटा लागत होता, आणि हळूहळू ठरलं ते असं की चौरस मीटरवर 1000 वॅट उजेड आणि सेल 25 डिग्रीला. फॅक्टरीत मोजायला हे लय सोयीचं, कारण तिथे क्षणभराचा फ्लॅश मारून मोजतात, तेवढ्यात पॅनल तापतच नाही. तुलनेसाठी ठीक आहे, मला मान्य आहे, काटा सगळ्यांना एकच पाहिजे. पण चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या माणसाला 1000 वॅटचं ऊन आणि 25 डिग्रीचा सेल एकाच वेळी मिळणार कधी, डिसेंबरात सुद्धा उन्हात ठेवलेला सेल त्याच्या वरच असतो. म्हणजे पॅनलवर छापलेला आकडा आपल्या गच्चीवर जवळपास कधीच दिसत नाही, आणि विकणारा तोच आकडा सांगतो. खरं तर कंपनीच्या माहितीपत्रकात बाजूला दुसरा रकाना असतो, 800 वॅट उजेड, 20 डिग्री हवा आणि थोडा वारा धरून काढलेला, त्यात 540 वॅटचा पॅनल 400 वॅटच्या आसपास दिसतो. तो रकाना आमच्या गावात आजवर कोणी कोणाला दाखवल्याचं ऐकलं नाही.

याचा अर्थ विदर्भात सोलर चालत नाही असा कोणी काढू नये. दिवस मोठा, आभाळ मोकळं, वर्षाची सरासरी काढली तर किलोवॅटमागे रोज 4 युनिट धरायला हरकत नाही, 3 किलोवॅटचे महिन्याला 360. पावसाळ्यात कमी होतात, मार्चमध्ये भरून निघतात. पॅनलला मानवतो तो फेब्रुवारी-मार्च, ऊन कडक आणि हवा अजून तापायची असते तेव्हा.

आता गावात हे आलं कसं ते. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, वीज बनते आपल्या अंगणात, राख पडते आपल्या अंगावर, आणि 2005 च्या पुढची काही वर्षं लोडशेडिंग सोसलं तेही आपल्याच खेड्यांनी. रात्रीची लाईन आली की टॉर्च घेऊन पऱ्हाटीला, हरभऱ्याला पाणी द्यायला जायचं, साप-विंचवाच्या भरोशावर. त्या दिवसांत सोलर म्हणजे ग्रामपंचायतीचा खांबावरचा दिवा, ज्याची बॅटरी वर्षभरात चोरीला जायची किंवा मरायची आणि नुसता पॅनल वर टांगून राहायचा. पुष्कळांचा सोलरवरचा विश्वास तिथेच उडाला.

2010 ला देशाचं सोलर मिशन आलं, 2022 पर्यंत 20 हजार मेगावॅट असं ठरलं, 2015 मध्ये तेच 1 लाख केलं आणि त्यातले 40 हजार छतांवर धरले. छतांचा भाग सगळ्यात मागे पडला, जमिनीवरचे मोठमोठे सोलर पार्क पुढे गेले. त्याच 2015 मध्ये आपल्या राज्यात नेट मीटरचे, म्हणजे घरची जास्तीची वीज लाईनला देऊन बिलातून वळती करायचे, नियम आले, खेड्यात ते कळायला आणखी काही वर्षं गेली. दरम्यान चीनमध्ये एवढे कारखाने निघाले की 1970 च्या दशकात वॅटला डॉलरमध्ये दोन आकडी असलेला भाव एका डॉलरच्याही खाली आला. शेतावर पंप आधी आले, 2017 ला शेतीचे फीडर सोलरवर न्यायची योजना आली, तिच्या पहिल्या गावांत यवतमाळचं कोळंबी होतं, मग 2019 पासून केंद्राची शेतकऱ्यांसाठीची कुसुम योजना. घरांचा नंबर खरा लागला 2024 मध्ये, 1 कोटी घरांची योजना, पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार रुपये सबसिडी, तिसऱ्याला 18 हजार, असे 78 हजार. त्यानंतर आमच्याकडे दर आठवड्याला कोणाच्या ना कोणाच्या घरी पॅनलचा टेम्पो उभा.

आणि दुसरी तक्रार तेव्हाच सुरू झाली, लाईन गेली की सोलरही बंद. भर उन्हात पॅनल टळटळीत दिसताहेत आणि घरात कूलर थांबलेला. ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या लाईनला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दाम तसाच बनवलेला असतो, डीपीवर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरून मागे गेलेल्या करंटचा झटका बसू नये म्हणून. कारण योग्यच आहे, पण बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घेतल्याशिवाय लोडशेडिंगमध्ये उपयोग नाही हे आधी सांगायला पाहिजे, सबसिडीच्या नादात ते कोणी सांगत नाही.

तपनीचा हिशोब कळला की बसवतानाच काही गोष्टी बदलता येतात. टिनावर पॅनल चिकटवून बसवला की खालून वारा लागत नाही, सेल जास्तच भाजतो. स्लॅबवर उंच स्ट्रक्चर केलं तर पॅनलही थंड राहतो आणि सावलीमुळे खालची खोलीही. धुवायचं ते सकाळी, दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जायची भीती. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मारलं की क्षाराचे पांढरे डाग बसतात, तिथे पावसाचं साठवलेलं पाणी असलं तर तेच वापरावं. वांदरांचं मात्र अजून कोणाला जमलं नाही, आमच्या शेजारी एका उडीत एक पॅनल गेला आणि त्याला वॉरंटी नाही म्हणे.